जीआयपी : ठाण्याच्या रुळांचा मालक कोण?

मासुंदा
मंडळी, १६ एप्रिल आला की दरवर्षी तेच फॉरवर्ड फिरतात. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, एकवीस तोफांची सलामी. ठाण्यातल्या शाळकरी पोरालाही हे पाठ असतं. पण ती गाडी कोणाची होती असं विचारलं की उत्तर येतं, "इंग्रजांची." फार तर "ईस्ट इंडिया कंपनीची."

दोन्ही उत्तरं मला खटकतात. ती गाडी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या खासगी कंपनीची होती. तिचं संचालक मंडळ लंडनमध्ये बसायचं, तिचे भागधारक जवळपास सगळे ब्रिटनमधले होते आणि तिच्या नफ्याची हमी हिंदुस्थानच्या तिजोरीने घेतली होती. आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी ती 'जीआयपी'. ठाण्याचा इतिहास सांगताना आपण पहिल्या गाडीपाशी थांबतो, आणि ती कंपनी आली कुठून, गेली कुठे, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात जीआयपीच्याही आधीची आहे. १८४३ मध्ये मुंबई सरकारचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपच्या भेटीवर असताना त्यांना मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोर घाटाकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना सुचली असं सांगतात. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी 'बॉम्बे ग्रेट ईस्टर्न रेल्वे'ची योजना मांडली. १८४५ मध्ये नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी इंडियन रेल्वे असोसिएशन उभी केली. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉन चॅपमन नावाचा गृहस्थ ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची जुळवाजुळव करत होता, आणि १८४५ मध्ये पाहणीसाठी तो स्वतः मुंबईला आला. मुंबईतले हे प्रयत्न शेवटी लंडनच्या त्या कंपनीत सामावले गेले. जीआयपीची पूर्वज म्हणायची ती ही मंडळी. त्यातल्या एकीनेही एक फूट रूळ टाकला नव्हता, पण मार्ग कुठून जावा आणि पैसा कुठून यावा हा वाद त्यांनीच सुरू केला.

चॅपमनच्या डोक्यात प्रवासी नव्हतेच, कापूस होता. वऱ्हाड-खानदेशातला कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर लादून घाट उतरून मुंबईला यायचा. वाटेत भिजायचा, धुळीने माखायचा. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेवर अवलंबून राहायचं नव्हतं. ठाणे त्या वाटेवर होतं म्हणून पहिला टप्पा इथे संपला.

पुढे लिहितोच, पण आधी तुमच्याकडची माहिती येऊ द्या.

भुसावळचा भाचा
वाचनखूण साठवली. आमच्या भुसावळात 'जीआयपी' हा शब्द अजून म्हाताऱ्या लोकांकडून ऐकायला मिळतो. जंक्शन, कॉलनी, शाळा, सगळं गाव त्या कंपनीनेच वाढवलं. आता घणसोलीत राहतो, इथे कोणाला सांगितलं तर मॉलचं नाव वाटतं.

एक प्रश्न. १८४५ ला कंपनीची जुळवाजुळव, १८५३ ला गाडी. मधली आठ वर्षं काय चाललं होतं?

मासुंदा
पैसा मिळत नव्हता. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या शेअरचा मोठा फुगा १८४७ च्या सुमारास फुटला आणि गुंतवणूकदार हात राखून वागायला लागले. घरच्या रेल्वेत पैसे बुडालेले असताना, जिथे एकही रूळ पडलेला नाही अशा देशात कोण गुंतवणार? म्हणून कंपनीचे प्रवर्तक हटून बसले की सरकारने व्याजाची हमी द्यावी. ईस्ट इंडिया कंपनी आणि तिच्यावरचं नियंत्रण मंडळ यांच्याशी वर्षानुवर्षं घासाघीस झाली.

शेवटी १ ऑगस्ट १८४९ ला ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने जीआयपी अधिकृतपणे अस्तित्वात आली आणि १७ ऑगस्टला ईस्ट इंडिया कंपनीशी करार झाला. त्याच दिवशी कलकत्त्याकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेशीही तसाच करार झाला. आपला मार्ग करारात 'प्रायोगिक' होता, सुमारे ५६ किलोमीटरचा, म्हणजे ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत जाणारा.

कराराच्या अटी वाचल्या की सगळं चित्र पालटतं. भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी. जमीन सरकारने फुकट द्यायची, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. रेल्वेने कमी कमावलं तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. पाच टक्क्यांच्या वर कमाई गेली तर वरचा वाटा दोघांत. कंपनीला नको झालं तर सहा महिन्यांची सूचना देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात घालायची आणि घातलेलं भांडवल परत घ्यायचं. आणि सरकारला २५ किंवा ५० वर्षांनी रेल्वे विकत घेण्याचा हक्क.

म्हणजे फायदा झाला तर कंपनीचा, तोटा झाला तर रयतेचा. मला तरी हे दुसऱ्या कुठल्याही शब्दांत मांडता येत नाही.

वैशाली_कळवा
पण नाना शंकरशेट स्वतः त्या कंपनीत होते ना? आम्हाला तर शाळेत शिकवलं की भारतात रेल्वे नानांनी आणली. तुमच्या लिहिण्यावरून त्यांचं श्रेय कमी केल्यासारखं वाटतंय, आणि ते मला पटत नाही.

मासुंदा
वैशालीताई, श्रेय कमी करायचा विचारही नाही. नाना आणि जमशेटजी हे जीआयपीच्या संचालकांतले दोनच हिंदी सभासद होते. मुंबईचे व्यापारी, सरकार आणि लंडन यांच्यामध्ये या दोघांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन त्यांनी खर्च केलं. ते नसते तर मुंबईतला पाठिंबा इतक्या लवकर उभा राहिला नसता.

पण मालकी आणि पाठिंबा यांत फरक करायला हवा. त्या काळातल्या सगळ्या हमीदार रेल्वे कंपन्या एकत्र धरल्या तरी हिंदी भागधारक एक टक्क्याहूनही कमी होते. निर्णय लंडनमध्ये व्हायचे. सल्लागार अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन लंडनचा, आणि मुंबईत काम बघणारा मुख्य अभियंता जेम्स बर्कले त्याच्याच शिफारशीचा.

चेंदणी
पुढील लेखनास शुभेच्छा. ठाण्याबद्दल थोडं माझ्याकडून.

ठाणे हे शेवटचं स्टेशन जेमतेम वर्षभर होतं. १ मे १८५४ ला गाडी कल्याणला पोचली. म्हणजे खाडीवरचे पूल आणि पारसिकच्या डोंगरातले पहिले बोगदे तोवर तयार झाले होते. आज आपण ज्याला पारसिक बोगदा म्हणतो, तो १.३ किलोमीटरचा, १९१६ चा. जुने बोगदे वेगळे, मुंब्र्याच्या बाजूने वळसा घालून जाणाऱ्या मार्गावरचे. हा गोंधळ फार लोक करतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

काम कंपनी स्वतः करत नव्हती, ठेकेदारांकडून करून घ्यायची. मुंबई-ठाणे टप्प्याचे ठेकेदार फेविएल आणि फाउलर. ३१ ऑक्टोबर १८५० ला शीवजवळ पहिली कुदळ पडली. पुढे बोर घाटाचं काम फेविएलने अर्धवट सोडलं. ते १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेलने घेतलं आणि तो मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका सोडला नाही. दोन अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम पूर्ण करून घेतलं. घाट १८६३ मध्ये उघडला. २५ बोगदे, ऐन भरात ४० हजारांवर मजूर. त्यातले किती परत घरी गेले नाहीत याचा विचार केला की पोटात खड्डा पडतो. पटकी आणि ताप यांनी माणसं पटापट गेली. कंपनीच्या इतिहासात भागधारकांचं व्याज पै-पैने नोंदलेलं आहे. या माणसांची नावं नाहीत. बोर घाटात एक मोठा फलक त्यांच्यासाठी हवा, असं मी मनापासून म्हणतो.

लेखापरीक्षक
मी व्यवसायाने सीए, वाशीत असतो. मासुंदा यांनी हमीचं बरोबर लिहिलंय, पण हिशेबातली एक मेख राहिली.

व्याज पौंडात द्यायचं होतं आणि कमाई रुपयात होत होती. करारात रुपयाचा दर १ शिलिंग १० पेन्स धरला होता. १८७० नंतर चांदी घसरली तसा रुपयाही घसरला आणि १८९० च्या दशकाअखेर १ शिलिंग ४ पेन्सवर आला. तेच पाच टक्के लंडनला पाठवायला इथून जास्त रुपये लागायला लागले. रेल्वे उत्तम चालली तरी हा भार वाढणारच होता.

दुसरं, २५ वर्षांनी विकत घेण्याचा हक्क सरकारने वापरलाच नाही. १८७० च्या सुमारास लंडनमधल्या भारतमंत्र्यांनी तो हक्क पुढच्या २५ वर्षांपुरता सोडला आणि बदल्यात जादा नफ्यातला निम्मा वाटा घेतला. इथल्या सरकारमधल्या बऱ्याच अधिकाऱ्यांना हा सौदा पसंत नव्हता.

भुसावळचा भाचा
मग विकत घेतली कधी? आमच्याकडे कोणी १९०० म्हणतं, कोणी १९२५, कोणी स्वातंत्र्यानंतर.

लेखापरीक्षक
तिन्ही खरं आहे, आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

१८४९ मध्ये ५० वर्षं मिळवली की १८९९. तो हक्क सरकारने वापरला आणि १९०० मध्ये जीआयपीची मालकी सरकारकडे आली. किंमत आधीच्या तीन वर्षांच्या शेअरच्या सरासरी बाजारभावावर ठरायची होती, हेही मूळ करारातच होतं. पण एकरकमी पैसे दिले नाहीत. भागधारकांना वर्षासनं, म्हणजे दरवर्षी ठरलेली रक्कम, बांधून दिली, ती मूळ कराराची ९९ वर्षं संपेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट १९४८ पर्यंत. कर्जावर घेतलेल्या फ्लॅटसारखं समजा, ताबा १९०० ला आणि शेवटचा हप्ता १९४८ ला.

देश स्वतंत्र होऊन वर्ष झालं तोवर १८४९ च्या कराराची देणी चालू होती. ठाण्याच्या पहिल्या गाडीच्या प्रत्येक कार्यक्रमात हे वाक्य कोणीतरी उच्चारलं पाहिजे.

गंमत पुढे आहे. १९०० ला मालकी गेली, पण कंपनी गेली नाही. नव्या कराराने तीच कंपनी सरकारसाठी रेल्वे चालवत राहिली. नाव तेच, लंडनचं मंडळ तेच, मुंबईत बसणारा 'एजंट' तोच. त्याच वेळी इंडियन मिडलंड रेल्वे तिच्यात घातली. ही १८८५ ची कंपनी, झाशीकडची. इटारसी-भोपाळ-झाशी आणि तिथून आग्रा, कानपूर, माणिकपूर असे तिचे फाटे. त्यामुळे जीआयपी दिल्लीच्या दिशेने वाढली ती या विलीनीकरणाने.

चालवण्याचा करार ३० जून १९२५ ला संपला. रेल्वेच्या कारभारावर नेमलेल्या ॲकवर्थ समितीने आधीच सांगितलं होतं की कंपन्यांचे करार संपतील तसा कारभार सरकारने घ्यावा. १ जुलै १९२५ पासून जीआयपी सरकारी व्यवस्थापनाखाली गेली.

मासुंदा
लेखापरीक्षक, अगदी हेच हवं होतं. यात एक भर घालतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी-कुर्ला ही हार्बरवरची पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. म्हणजे कंपनीच्या हाती जेमतेम पाच महिने उरले असताना. मालक सरकार, चालवणारी खासगी कंपनी आणि ती कंपनीही निरोपाच्या वाटेवर. देशातल्या विजेच्या रेल्वेचा आरंभ या अवस्थेत झाला.

कल्याण_यार्ड
आमच्या घरात तीन पिढ्या रेल्वेत. आजोबा लोकोशेडला होते. जीआयपीबद्दल बोलायचं तर १९३० चा संप विसरू नका. फेब्रुवारीत सुरू झाला, कामगार हजारोंनी बाहेर पडले, बरेच जण पुन्हा कामावर घेतले गेले नाहीत. तोवर कारभार सरकारकडे आलेला होता. मालक बदलला म्हणून कामगाराशी वागणूक बदलली असं झालं नाही, हे आजोबा शेवटपर्यंत सांगायचे. कंपन्यांचा इतिहास लिहिताना करार आणि तारखा येतात, लोकोशेड येत नाही.

मासुंदा
कल्याण_यार्ड, तुम्ही यावर स्वतंत्र धागा काढाच. आजोबांचे कागद, पगाराच्या पावत्या, पास, काहीही असेल तर फोटो काढून ठेवा. असे कागद रद्दीत जातात आणि मग आपण लंडनमधल्या दप्तरांवर विसंबून राहतो.

खारघर_यवतमाळ
मूळची यवतमाळची. आमची शकुंतला रेल्वे या धाग्यात यायलाच हवी. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला. अरुंद रूळ, कापसासाठीच टाकलेले. मालक सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी, म्हणजे किलिक निक्सन या पेढीने काढलेली. गाडी जीआयपी चालवायची आणि नंतर मध्य रेल्वे. देशभरच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या रुळांची मालकी दशकानुदशकं कंपनीकडेच राहिली. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं. आमच्या लहानपणी ती गाडी म्हणजे गरिबाची एसटी होती. मालकी कोणाची, या प्रश्नाचं लोंबकळणं काय असतं ते आमच्या भागाने भोगलंय. दुरुस्ती कोणी करायची, पैसा कोणी घालायचा, यातच रूळ गंजले.

बेलापूरकर
हे वाचताना मला सारखी आमच्या सीबीडीतली इमारत आठवते. बेलापूर भवन, कोकण रेल्वे महामंडळाचं मुख्यालय. तीही कंपनीच आहे. १९ जुलै १९९० ला नोंदलेली, पहिले अध्यक्ष ई. श्रीधरन. सुरुवातीला केंद्राचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोख्यांतून. रोहा ते ठोकूर पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला. आता भारतीय रेल्वेत विलीन करायची म्हणतात आणि चारही राज्यांनी संमती दिली आहे. महाराष्ट्राने २०२५ मध्ये दिली, 'कोकण रेल्वे' हे नाव राहिलं पाहिजे या अटीवर.

जीआयपीचंच पुन्हा होणार का? विलीन झालं की नाव संपलं, माणसं पांगली, असं?

चेंदणी
बेलापूरकर, मला यात साम्यापेक्षा फरक जास्त दिसतो. जीआयपीच्या भागधारकाला कोकणात किंवा वऱ्हाडात काय चाललंय याच्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला पाच टक्के मिळत होते. कोकण रेल्वेचे भागधारक ज्या राज्यांतून रूळ जातात तीच राज्यं. आणि तिच्यामागे कोकणी माणसाची मागणी होती. अ. ब. वालावलकर, नाथ पै, मधु दंडवते यांनी ती किती वर्षं लावून धरली, मग जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कंपनीचा मार्ग निघाला. ९० हून अधिक बोगदे, त्यात साडेसहा किलोमीटरचा करबुडे, हे सगळं आठ वर्षांत.

लेखापरीक्षक
फरक आहे, पण एका बाबतीत साम्यही पाहा. दोन्हीकडे कंपनी काढण्याचं कारण एकच, सरकारच्या नेहमीच्या पेटीत पैसा नव्हता. बाहेरून उचलायचा होता आणि उचललेल्या पैशाला परतावा दाखवायचा होता. कोकण रेल्वेने त्यासाठी भाड्याच्या हिशेबात अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरलं. म्हणजे बोजा कोकणात जाणाऱ्या प्रवाशाने उचलला. जीआयपीच्या वेळी तो ज्याने गाडी पाहिलीही नव्हती अशा शेतकऱ्याच्या साऱ्यातून गेला. माझ्या मते पहिली पद्धत कितीही टोचली तरी जास्त प्रामाणिक आहे.

विलीनीकरणाला माझा विरोध नाही. दुहेरीकरणाला लागणारा पैसा त्या आकाराच्या कंपनीला उभा करता येणार नाही. पण कर्जं, जमिनी, प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्या यांचं काय होणार हे लेखी आणि मराठीत लोकांसमोर यावं.

वैशाली_कळवा
या शेवटच्या वाक्याला +१. माझ्या माहेरची जमीन गेलीय त्या मार्गात, तक्रार नाही, पण माहिती मिळावी.

मासुंदा, १९५१ राहिलं की. जीआयपी हे नाव नक्की संपलं कधी?

मासुंदा
५ नोव्हेंबर १९५१. त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. तिच्यात चार रेल्वे एकत्र आल्या, जीआयपी, निजाम स्टेट रेल्वे, ग्वाल्हेरची सिंदिया स्टेट रेल्वे आणि धोलपूर स्टेट रेल्वे. त्याच दिवशी बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे) आणि इतर काही मिळून पश्चिम रेल्वे झाली. म्हणजे आपली मध्य रेल्वे फक्त जीआयपीची वारस नाही, तीन संस्थानांच्या रेल्वेचीही आहे. निजामची रेल्वे तर आधी हमीदार कंपनी होती, १९३० मध्ये संस्थानाने ती स्वतःकडे घेतली. पुढे १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा तो भाग तिकडे गेला.

म्हणून मी पोरांना असं सांगतो : १८४९ ते १९०० मालक कंपनी आणि चालक कंपनी. १९०० ते १९२५ मालक सरकार आणि चालक कंपनी. १९२५ ते १९५१ मालक सरकार, चालक सरकार, नाव मात्र कंपनीचं. एवढं डोक्यात ठेवलं की बाकीच्या तारखा आपोआप जागेवर बसतात.

तुर्भे नाका
नवीन सभासद. मी रोज ठाणे-वाशी मार्गाने जातो. हा मार्ग या वंशावळीत कुठे बसतो? जीआयपीचा तर नाही.

बेलापूरकर
नाही, हा २००४ चा. आणि वाशीला येणारा खाडीपूल १९९२ चा. नवी मुंबईतल्या उपनगरी मार्गांचा खर्च सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) आणि रेल्वे यांनी वाटून घेतला, सिडको ६७ टक्के, रेल्वे ३३ टक्के. तिकिटावर अधिभार लावून सिडकोचा पैसा वसूल करायची योजना होती. गाड्या चालवते मध्य रेल्वे. वाशी, बेलापूरसारखी स्टेशनं एवढी मोठी आणि वर कार्यालयं असलेली दिसतात ती सिडकोने बांधली म्हणून. मालक एक, चालक दुसरा, हा प्रकार तुमच्या रोजच्या गाडीतही आहे.

मासुंदा
तुर्भे नाका, स्वागत. चेंदणी, तुम्ही जुन्या पारसिक बोगद्यांचे फोटो टाकता का इथे? आणि जीआयपी अशी अक्षरं कोरलेले सीमादगड किंवा ओतीव खांब कोणी ठाणे-कळवा-मुंब्रा पट्ट्यात पाहिले असतील तर जागा लिहा, फक्त रुळांत उतरून फोटो काढू नका. यादी झाली की मी वरच्या मजकुरात जोडतो.